समुद्राला तुरटी

सांगलीला समुद्र नाही, हे वाक्य मी भूगोलाच्या तासाला जन्मभर शिकवलं आणि दर वेळी ते उच्चारताना मला मनातल्या मनात हसू आलं. कारण माझ्या पहिल्या नोकरीत मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराच्या पुढच्या खोलीत समुद्र होता. रत्नागिरीहून एसटीने आलेला, अस्सल खारट. लोखंडी घोडीवर ठेवलेल्या काचेच्या टाकीत तो मावायचा आणि त्याचे मालक म्हणजे माझे घरमालक, तात्या.

तात्या नेव्हीतून रिटायर झालेले. मूळ गाव म्हसवडच्या पुढे, कोरडं ठाक. त्यांच्या गावची पोरं पलटणीत भरती व्हायची. तात्याही त्यासाठीच गेले होते, पण छाती भरली नाही. तोंड पाडून परत निघाले तर शेजारच्या टेबलावरच्या साहेबाने हाक मारली. पुढची हकीकत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. "त्यानं इचारलं, पोहता येतं का? मी म्हणलं, साहेब, आमच्यात गुडघाभर पानी एका जागी दिसलं तर लोक नारळ फोडत्यात. पोहतो कुठला? लय हसला. म्हणला, घ्या ह्याला."

घेतलं, आणि बॉयलरवर घातलं. सगळी नोकरी बोटीच्या पोटात, धगीपुढे. "इतकी वर्सं समुद्रावर काढली, पर समुद्र बघितलाच न्हाई गड्या," ते म्हणत. "वर डेकवर आलं की डोळं मिटायचं झोपेनं. आता बसून बघतुय." रिटायर झाल्यावर सांगलीतल्या एका तेलाच्या गिरणीत पुन्हा बॉयलरचीच नोकरी धरली होती. कामावरून आले की हातपाय धुऊन, बनियनवर, टाकीसमोर स्टूल ओढून बसायचे आणि समुद्र बघायचे. माणसाने हौस करावी तर अशी, असं मला वाटे. आणि माणसाने इतकी करू नये, असंही.

बॉयलरपाशी आयुष्य गेल्यामुळे तात्यांना हळू बोलणं माहीत नव्हतं. चहा मागायचा तरी बोटीच्या या टोकावरून त्या टोकाला मागितल्यासारखा मागत. त्यांची बायको, सोनाकाकी, त्यांच्याहून वीतभर उंच, माहेर कुंडलचं, उसाच्या घरातलं. नवरा समुद्रावर असताना तिने गावची जिरायती जमीन, दोन म्हशी आणि एक खाष्ट सासू एकटीने सांभाळलेली. ती तात्यांना त्यांच्याच पट्टीत उत्तर द्यायची. मी राहायला आले त्या पहिल्या सकाळी मला वाटलं, घरात खून पडतोय. माडीवरच्या माझ्या खोलीतून धावत खाली गेले तर विषय होता, आमटीत गूळ किती. दोघं एकमेकांना चार शब्द सुनावून झाली की शेजारी शेजारी बसून तीच आमटी ओरपायची. पुढे पुढे मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की रविवारी तो कानावर पडला नाही तर मी काकीला विचारायची, तब्येत बरी आहे ना?

फक्त टाकीपाशी तात्यांचा आवाज खाली यायचा. तिथे कुणी मोठ्याने बोललं की ते बोट वर करून म्हणत, "हळू. पानी बघतुय." काकी लगेच दुसऱ्या खोलीतून म्हणायची, "पान्याचं कवतिक, आन् बायकूला बोंबलून हाका!"

पाणी आणायला तात्या स्वतः रत्नागिरीला जायचे. किनाऱ्याचं पाणी त्यांना चालत नसे. होडीतून आत जाऊन भरून आणायचं. एकदा आंबा घाटात त्यांचा कॅन गळायला लागला आणि बाकांखालून ओघळ पुढे आला. एक बाई पाय वर घेऊन ओरडली, "कुनाच्या पोरानं केलं गं ह्ये?" गाडीत चार लेकुरवाळ्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तात्या उठले, वाकून त्या ओघळात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं हाय." सांगली येईपर्यंत त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. ही गोष्ट तात्यांनी नव्हे, त्या गाडीच्या कंडक्टरने आमच्या गल्लीत येऊन सांगितली.

सोमवती अमावस्येला गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. आंघोळीच्या पाण्यात चमचाभर घातलं की समुद्रस्नान घरच्या घरी. तात्या टाकीतलं जुनं काढलेलं पाणी द्यायचे, आणि खरेपणाने सांगायचे, "ह्यात माशांची घान हाय बरं का." बायका म्हणायच्या, "आसू द्या." मी एकदा नाक मुरडलं तर काकीनेच मला झापलं.

त्या दिवसांत वीज वाटेल तेव्हा जायची. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला की तात्या ट्रॅक्टरची हवा भरून ठेवलेली ट्यूब कोपऱ्यातून ओढत आणायचे. तिच्या तोंडाला दवाखान्यातल्या सलाइनची नळी बांधलेली असे, आणि नळीवरची ती दाबायची चकती फिरवून ते इतकी बारीक हवा सोडायचे की ट्यूब तासन् तास पुरावी. सलाइन लावलेल्या पेशंटपाशी बसावं तसे तिथे बसून राहायचे.

हे सगळं कुणासाठी? दोन माशांसाठी. मिरजेला मोठमोठे दवाखाने, लांबून लांबून लोक येतात. तात्यांचा नेव्हीतला दोस्त सेल्वम हा तिकडे रामेश्वरच्या बाजूचा. बायकोच्या डोळ्यांसाठी वर्षातून दोन-तीनदा मिरजेला यायचा. त्याने हा जोडा आणला होता. काळपट अंग, पिवळं तोंड, पिवळी शेपटी आणि अंगावर दोन पांढरे पट्टे. त्याने सोबत समुद्रातलं एक फुलासारखं जनावरही आणलं होतं, त्या फुलाच्या पाकळ्यांत हे मासे राहतात म्हणे, पण ते काही सांगलीला मानवलं नाही. तेव्हा तात्यांनी संक्रांतीचं एक सुगड टाकीत आडवं ठेवलं आणि शेजारी कौलाचा तुकडा. माशांनी सुगडात बिऱ्हाड थाटलं.

मोठा तो पाटील आणि लहान ती पाटलीण. ही नावं तात्यांची. नवरा थोराड असणार आणि बायको चणीने लहान, ह्यात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. काकी शेजारी उभी राहिली की तात्यांच्या टोपीवरून पलीकडचं दिसायचं तिला, तरीही नाही. शिवाय पुरावा होता. कौलाच्या तुकड्यावर अधूनमधून नारिंगी अंड्यांचा बारीक गालिचा दिसायचा, आणि पाटलीण रात्रंदिवस तिथे थांबून परांनी वारा घालत बसायची. पाटील आपला टाकीभर मिरवत असायचा. "बघा," काकी म्हणायची, "बाईच्या जातीला तितंबी सुट्टी न्हाई." पिल्लं निघायची आणि दोन-तीन दिवसांत दिसेनाशी व्हायची; ती काही तात्यांना जगवता आली नाहीत. पण जोडा सुखात होता, आणि जोड्याकडे बघत तात्याही.

मग तो श्रावण आला. तात्या चार दिवसांसाठी गावी गेले होते. जाताना काकीला सगळं समजावून गेले होते: चिमूटभरच खायला घाल, वीज गेली तर ट्यूब लाव. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. काकी अस्वस्थ झाली. नवऱ्याचा जीव ह्या पाण्यात अडकलाय हे तिला माहीत होतं, आणि तो परत येईल तेव्हा पाणी चकचकीत दिसावं एवढंच तिच्या मनात होतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ यायचं, तेव्हा सांगलीतल्या प्रत्येक घरात जे करत तेच तिने केलं. दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा काढला आणि टाकीत चांगला फिरवला. हंड्यात फिरवतात त्याहून थोडा जास्तच, पाणी जास्त होतं म्हणून.

मी शाळेतून आले तेव्हा पाणी आरशासारखं होतं आणि काकी कंबरेवर हात ठेवून समोर उभी होती. "बघा मास्तरीनबाई, कसं लख्ख!" तिचं वाक्य संपायच्या आत आम्हा दोघींनाही एकदमच दिसलं. पाटील तळाशी वाळूवर आडवा पडला होता आणि त्याचे कल्ले भात्यासारखे चालले होते. पाटलीण वर येऊन तोंड उघडमीट करत होती.

काकीने किंकाळी फोडली, पण हात थांबले नाहीत. शिलकीच्या कॅनमधला समुद्र प्लास्टिकच्या बादलीत ओतला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून दोघांना त्यात सोडलं. पाटलीण संध्याकाळपर्यंत सावरली. पाटील गेला.

तात्या आले, काकीने रडत रडत सगळं सांगितलं. मी जिन्यात उभी होते, आता छप्पर उडणार म्हणून. तात्यांनी ऐकून घेतलं. पाटलाला कढीलिंबाखाली पुरलं, टाकी रिकामी करून धुतली, रत्नागिरीला जाऊन नवीन पाणी आणलं. एक शब्द बोलले नाहीत.

पुढेही बोलले नाहीत. म्हणजे "मीठ दे", "किल्ली कुठं हाय" एवढं बोलत, आणि तेही हळू आवाजात. माझ्या आयुष्यात मी इतकं भयंकर काही ऐकलं नाही. ज्या घरात गुळावरून लढाई व्हायची तिथे ताटलीचा आवाज ऐकू यायला लागला. काकीने टाकीला हात लावणं सोडून दिलं. त्या खोलीतून जाताना ती भिंतीच्या कडेने जायची. एक दिवस तिने तात्यांचा रस्ताच अडवला. "आवं, शिव्या घाला, भांडं फेका माझ्या अंगावर, पर आसं गप नगा बसू."

तात्या म्हणाले, "मी कुठं काय म्हणलं?" आणि कामावर गेले.

काकी माझ्याकडे वर येऊन पायरीवर बसली. "त्येच तर," ती म्हणाली, "त्येनी कायबी म्हणलं न्हाई." मी दोघांवरही चिडले होते. तात्यांनी एकदा ओरडावं आणि मोकळं व्हावं, असं मला त्यांना बकोटीला धरून सांगावंसं वाटत होतं. पण घरमालकाला बकोटीला धरणारी भाडेकरीण मी काही नव्हते.

भाद्रपदात सेल्वम आला तेव्हा काकीने त्याला दारातच गाठलं. तिला हिंदी येत नव्हती आणि त्याला मराठी. तिने तळहात पुढे करून दाखवला, येवढा आण, पाटलासारखा. तो मान हलवून गेला आणि मार्गशीर्षात परत आला तो मोठ्या तोंडाच्या कॅनमध्ये दोन मासे घेऊन. एक खरंच पाटलाएवढा. दुसरा बोटाच्या पेराएवढा. एखादा वाटेत मेला तर हात रिकामे नकोत म्हणून उचललेला. लहान्याला लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवलं आणि सगळे मोठ्याच्या मागे लागले.

दरम्यान पाटलीण चांगलीच अंगाने भरली होती. पाटील असतानाचा तिचा दबलेपणा कुठल्या कुठे गेला होता. गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या, नवरा गेला नि बाई सुटली म्हणून. नवरदेवाला टाकीत सोडलं मात्र, पाटलीण सुगडातून सुटली ती सरळ त्याच्या अंगावर. तोही ऐकणारा नव्हता. पर फाटले, खवले उडाले. तात्यांनी हात घालून नवरदेवाला बाहेर काढलं, कंदिलाची काच घेऊन तिची दोन्ही तोंडं मच्छरदाणीच्या कापडाने बांधली आणि त्याला आत घालून काच टाकीत ठेवली, की एकमेकांना बघून तरी सवय व्हावी. बरेच दिवस झाले तरी पाटलीण काचेला धडका देतच होती. शेवटी नवरदेवाची रवानगी खालच्या फळीवरच्या एका जुन्या टाकीत झाली. तिथे तो एकटा अगदी मजेत राहिला.

तात्या म्हणाले, "फिनिश. आता न्हाई आनायचा."

काकीचा चेहरा मला बघवेना. आपल्या हाताने मोडलेलं पुन्हा आपल्या हाताने जोडावं एवढीच तिची धडपड होती, आणि ती फुकट गेली होती. ती सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "बरनीतलं टाका."

"ते पोर हाय. फाडील ती त्याला."

"टाका म्हंते न्हवं. मेलं तर माझ्या माथी. एक हायच, आनि एक."

तात्यांनी बरणी पाण्यावर आडवी केली. लहानगा बाहेर आला आणि पाटलीण बाणासारखी निघाली. मी डोळे मिटायच्या बेतात होते. तो पळाला नाही. तिच्यासमोर कुशीवर कलला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरायला लागला, हिवताप भरल्यासारखा. तात्यांना वाटलं झटका आला. त्यांनी जाळी उचलली. काकीने त्यांचं मनगट धरलं. कित्येक महिन्यांत तिने त्यांना हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"थांबा. मरत न्हाई ते. मान देतंय."

"तुला काय ठावं?"

"मी नवी आले तवा तुमच्या आईपुढं आशीच हुबी ऱ्हायले हुते. तुमी बोटीवर हुता."

पाटलीण थांबली. त्याच्याभोवती एक चक्कर मारली, तोंडाने जरासं ढोसलं. तो पुन्हा थरथरला. ती वळली आणि सुगडाकडे गेली, आणि तो पोरटा तिच्या मागोमाग. तात्यांच्या हातातली जाळी तशीच राहिली. पण बोलले ते तेव्हाही नाहीत. हसले फक्त, टाकीकडे बघून.

उन्हाळा आला. माझी साताऱ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक बांधून मी निरोप घ्यायला खाली आले तर नवरा-बायको टाकीसमोर उकिडवी बसलेली. पाटलीण कौलाच्या तुकड्यावर पोट टेकवून हळूहळू सरकत होती आणि तिच्यामागे नारिंगी ठिपक्यांची ओळ उमटत होती. तिच्यामागून पोरटा. काम झालं आणि पाटलीण अंग झटकून टाकीभर मिरवायला निघून गेली. पोरटा कौलापाशी थांबला आणि परांनी वारा घालायला लागला.

मग काकी हळूच म्हणाली, "आवं... वारा तर गडीच घालतोय."

"व्हय."

"आन् आपली पाटलीन... ती बी घालायची की वारा."

"व्हय."

"म्हंजी ती गडी हुती तवा? आन् पाटील...?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढे कित्येक वर्षांनी मी एका मासिकात वाचलं की ह्या माशांत असंच असतं. जोड्यातली मोठी ती बाई, आणि ती गेली की मागे राहिलेला नवराच वाढून बाई होतो. पण आम्हाला ते कौलावर दिसलं. कढीलिंबाखाली पुरला तो पाटील नव्हताच.

मी ट्रंक घ्यायला वर गेले. टांगा दारात आला होता. आणि तेवढ्यात खालून तो आवाज आला, बोटीच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. "अगं पर तुरटी? समुद्राला तुरटी लावती व्हय कुनी? येवढी उंच वाढलीस, आक्कल कुठं ठिवलीस? आं? कुंडलला काय समुद्रात तुरटी टाकत्यात?" शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी ट्रंकेसकट जिना उतरले. तात्या खोलीच्या मधोमध उभे राहून, हातवारे करत, श्रावणापासूनचं सगळं साठलेलं बाहेर काढत होते. माहेर, सासर, तुरटी, दोरा, काही सुटत नव्हतं. काकी जमिनीवर बसली होती, पदर तोंडात, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसू आवरत नाही.

"ऐकलं का मास्तरीनबाई," ती मला म्हणाली, "वरडाय लागल्यात मला!"

"तुमी सांगा हिला!" तात्या माझ्याकडे वळले.

बाहेर टांगेवाला हाका मारत होता. मी ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाले, "चालू द्या तात्या. गाडीला अजून वेळ आहे."